खारं पाणी आणि बसलेली रानं: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिक्कोडी, रायबाग, हुक्केरी, अथणी, कागवाड, बेळगाव, खानापूर या भागांतून फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाऱ्हाणं बहुतेकांचं एकच असतं: पाणी मुरत नाही. कारणं मात्र तीन-चार वेगवेगळी असतात. एकाच्या रानाचा इलाज दुसऱ्याच्या रानाला लावला की पैसे पाण्यात जातात. म्हणून प्रश्न क्रमाने वाचा. जिथे दुसऱ्या उत्तराचा हवाला दिला आहे, तिथे ते उत्तरही बघा.

१. खारवट, चोपण आणि पाणथळ यांत फरक काय? आमच्याकडे सरसकट क्षारपड म्हणतात.

खारवट जमिनीत विरघळणारं मीठ जास्त असतं. उन्हाळ्यात वर मिठाचा पांढरा थर येतो, पण माती भुसभुशीत राहते आणि पाणी बऱ्यापैकी मुरतं. चोपण जमिनीत एकूण मीठ कमीही असेल, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. ती ओली असताना साबणासारखी बुळबुळीत लागते आणि वाळली की दगड होते. पाणथळ म्हणजे खालचं पाणी मुळांपर्यंत वर आलेलं रान.

मोजमापाच्या रेषा अशा आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता (ईसी) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट. कणांवरच्या सोडियमचं प्रमाण (ईएसपी) १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला की चोपण. या रेषा १९५४ च्या अमेरिकी हस्तपुस्तिकेतून आल्या. आपल्या भारी काळ्या मातीत १५ ची वाट बघत बसू नका, ईएसपी १० च्या आत असतानाच निचरा मंदावलेला दिसतो. ऑस्ट्रेलियात तर ६ च्या वर गेलं की चोपण धरतात.

कृषी खात्याच्या कन्नड कागदावर ‘सवळु’ असेल तर खारवट-चोपण आणि ‘जवळु’ असेल तर पाणथळ, असं वाचा.

२. मीठ तर पाण्यात विरघळतं. मग खाऱ्या पाण्याने जमीन घट्ट कशी होते?

घट्ट मीठ करत नाही. मिठातला सोडियम करतो.

चिकणमातीचे कण पत्त्यांसारखे पातळ आणि चपटे असतात. त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम अशा धन भाराच्या आयनांना धरून ठेवतात. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो कणाला घट्ट बिलगतो, त्यामुळे शेजारचे कण जवळ येतात, त्यांचे गोळे बनतात आणि गोळ्यांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात. पाणी खाली जातं ते याच पोकळ्यांतून. सोडियमवर एकच भार असतो आणि त्याच्याभोवती पाण्याचं जाड आवरण असतं. तो कणापासून लांब राहतो, कण एकमेकांना ढकलू लागतात, गोळा आधी फुगतो आणि मग विखुरतो.

सुटलेले बारीक कण पाण्याबरोबर दोन-चार सेंटीमीटर खाली जाऊन पोकळ्यांच्या तोंडाशी अडकतात. वर पापुद्रा धरतो, त्याखाली घट्ट थर तयार होतो. मोठी पोकळी बुजली की नुकसान किती होतं, याचा अंदाज सहसा येत नाही. बारीक नळीतून वाहणारं पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. म्हणजे नळी निम्मी झाली की पाणी निम्मं नाही, सोळावा हिस्सा होतं. म्हणूनच ‘परवापर्यंत बरं चाललेलं रान एकदम बसलं’ असं वाटतं.

याच्या उलट काम मिठाची तीव्रता करते. पाण्यात एकूण क्षार जास्त असतील तर सोडियम असूनही कण गोळा होऊन राहतात. ही खुणगाठ बांधून ठेवा, प्रश्न ७ चं उत्तर तिच्यावरच उभं आहे.

३. बोअरचं पाणी गोड लागतंय, टीडीएस मीटरवर पण कमीच दाखवतंय. तरी जमीन बसतेय. असं कसं?

टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यांत सोडियम किती हे सांगत नाही. आणि जिभेला खारं लागतं ते मुख्यतः क्लोराइड. बायकार्बोनेटचं पाणी जिभेला गोड लागतं, पण जमीन तेच बसवतं.

बायकार्बोनेट जमिनीतल्या कॅल्शियमशी जुळतं आणि त्याची चुनखडी होऊन साका बसतो. कॅल्शियम असा बाजूला पडला की कणांवरची जागा सोडियम घेतो. हे मोजायला आरएससी नावाचा आकडा आहे: (कार्बोनेट अधिक बायकार्बोनेट) वजा (कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम). सगळे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये. १.२५ पर्यंत निर्धास्त राहा, १.२५ ते २.५ जपून, २.५ च्या वर उपायाशिवाय देऊ नका.

समजा पाण्याची ईसी १.१, कॅल्शियम २, मॅग्नेशियम २, सोडियम ७, बायकार्बोनेट ७.५. ईसी बघून कोणीही म्हणेल, चांगलं पाणी. पण आरएससी येते ३.५. ईसीवर विश्वासून हे पाणी भारी रानाला वर्षानुवर्षं दिलं की गड्याला खोरं मारता येत नाही अशी अवस्था होते.

४. रिपोर्ट हातात आला, आकडे कळत नाहीत. काय बघू?

तीनच आकडे: ईसी, एसएआर, आरएससी. बाकीचे नंतर.

आधी एकक बघा. ईसी ‘१८००’ अशी लिहिली असेल तर ती मायक्रोसीमेन्समध्ये आहे, तिला १००० ने भागा, १.८ येईल. मिलिम्होज असेल तर आकडा आहे तसाच घ्या. पाण्याची ईसी ०.७ च्या आत असेल तर पिकाला मिठाचा त्रास नाही, ०.७ ते ३ पर्यंत पीक आणि निचरा बघून ठरवायचं, ३ च्या वर गंभीर.

एसएआर म्हणजे सोडियमला कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या सरासरीच्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा. वरच्या उदाहरणात ७ भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५. हा आकडा एकटा वाचू नका. पाणी मुरेल की नाही हे एसएआर आणि ईसी जोडीने ठरवतात. एसएआर ३ ते ६ असताना ईसी १.२ च्या वर असेल तर मुरण्याची अडचण नाही, ०.३ च्या खाली असेल तर मोठी अडचण. एसएआर ६ ते १२ असेल तर हेच आकडे १.९ आणि ०.५ होतात. लक्षात घ्या, इथे कमी ईसी ही वाईट गोष्ट आहे. अनेकांना हे पटत नाही, तरी आहे असंच.

५. पाण्याचा नमुना कसा घ्यायचा?

बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मगच घ्या. एक लिटरची प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून काठोकाठ भरा. औषधाची किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको. गट नंबर, तारीख, बोअर की विहीर हे वर लिहा आणि लवकरात लवकर पोचवा, बाटली पडून राहिली तर बायकार्बोनेटचा आकडा फिरतो. एक नमुना एप्रिल-मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर घेतला तर खरं चित्र दिसतं. प्रयोगशाळेची चौकशी होबळीच्या रैत संपर्क केंद्रात होते.

६. लॅबमध्ये न जाता घरी काही कळेल का?

हो, आणि हे प्रत्येकाने करावंच. रानातलं हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ घ्या. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घेऊन ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. दोन तासांनी बघा, मग दुसऱ्या दिवशी बघा.

ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरलं तर कण विखुरताहेत, म्हणजे सोडियमचा त्रास. ढेकूळ फुटलं, चुरा झाला, पण पाणी नितळ राहिलं तर तो सोडियम नव्हे. तिथे सेंद्रिय पदार्थ कमी आहेत, जिप्समऐवजी (जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट) शेणखताकडे वळा. काहीच झालं नाही तर कणरचना धड आहे.

ही चाचणी बोअरच्या पाण्यात केली तर फसाल, कारण त्यातलं मीठच कण धरून ठेवतं.

रानातही एक खूण आहे. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी साचलेलं डबकं बघा. खारवट रानात पाणी नितळ असतं, चोपण रानात गढूळच राहतं. आणि वाळल्यावर वर काळसर तेलकट थर आला तर सामू बराच चढलाय असं समजा. सोडियम कार्बोनेटात मातीतला ह्यूमस विरघळून वर आलेला असतो.

७. बोअरचं पाणी देतोय तोवर मुरतंय. मृगाचा पाऊस पडला की रान तुंबतंय. पावसाचं पाणी तर सगळ्यात चांगलं, मग उलटं का?

सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारा प्रश्न हाच.

बोअरच्या पाण्यात सोडियम होता तसे एकूण क्षारही होते. क्षारांच्या जोरावर कण गोळा राहिले, पाणी मुरत राहिलं. आतल्या आत मात्र सोडियम कणांवर चढत होता. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते वरच्या थरातलं मोकळं मीठ धुऊन खाली नेतं, पण कणांना चिकटलेला सोडियम तिथेच राहतो. धरून ठेवणारा जोर गेला, ढकलणारा राहिला. त्यात थेंबांचा मार. दोन सरींत वरचा सेंटीमीटरभर थर विखुरतो, छिद्रं बुजतात, पाणी सरीतून बांधाकडे पळतं.

अशी किमान तीव्रता असते, जिच्या खाली गेलं की कण सुटतात, हे क्वर्क आणि स्कोफिल्ड यांनी १९५५ मध्ये दाखवलं. सोडियम जितका जास्त, तितकी ही सीमा वर सरकते.

इलाज वेळेचा आहे. वळवाच्या आधी, मेमध्ये, जिप्सम वरच्या थरात मिसळून ठेवा. पाऊस पडताना ते हळूहळू विरघळतं, पाण्याची तीव्रता टिकवतं आणि कॅल्शियमही पुरवतं. पाऊस संपल्यावर टाकलेल्या जिप्समचा या कामाला उपयोग नाही. पाचट सरीत ठेवलं तर थेंबांचा मार वाचतो. जाळू नका.

८. आम्ही दूधगंगेचं पाणी उचलतो, बोअर नाहीच. तरी रान पांढरं पडलंय. का?

पाणी गोड, पण प्रमाण जास्त. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या लिफ्टवर आणि हिडकल धरणाच्या कालव्यांखाली हेच दिसतं. उसाला पाळीवर पाळी दिली की जास्तीचं पाणी खाली साचत जातं. काळ्या मातीतून ते पुढे सरकत नाही. खालची पातळी दीड मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने पाणी वर चढतं, उन्हाने उडतं आणि सोबत आणलेलं मीठ वर ठेवून जातं. त्यातलं बरंच मीठ त्या जमिनीच्या पोटातलंच असतं.

तपासायला दोन मीटरचं भोक पाडा, छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करा आणि आठवड्याला दोरी सोडून पाणी मोजा. पाणी वर असेल तर जिप्सम, जिवाणू, काहीही आणण्याआधी प्रश्न १६ वाचा.

९. जिप्सम एकरी किती? चुना किंवा चुलीची राख चालेल का?

राख नको. तिच्यामुळे सामू आणखी चढतो. चुना चोपण जमिनीत विरघळतच नाही, आणि आपल्या काळ्या रानात चुनखडी आधीच भरपूर असते.

माप माती परीक्षणावरच ठरतं. अंदाजासाठी एवढं धरा: १०० ग्रॅम मातीतला १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम वरच्या एक फुटातून काढायला एकरी सुमारे दीड टन शुद्ध जिप्सम लागतं. बाजारातलं सत्तर-ऐंशी टक्के शुद्ध असेल तर त्या प्रमाणात वाढवा. बारीक दळलेलं घ्या, वरच्या दहा-पंधरा सेंटीमीटरमध्ये मिसळा, खोल गाडू नका. मग पाणी द्या.

पाण्याची आरएससी जास्त असेल तर जमिनीच्या मापाव्यतिरिक्त पाण्यासाठी वेगळं जिप्सम लागतं. एकराला १० सेंटीमीटरची पाळी म्हणजे सुमारे ४ लाख लिटर पाणी. आरएससी एकाने उतरवायला त्यात ३५ किलो शुद्ध जिप्सम लागतं. प्रश्न ३ मधलं पाणी ३.५ वरून १.२५ वर आणायला पाळीमागे ७८-७९ किलो. हौदात जिप्समच्या पोत्यांवरून पाणी वाहू देणं ही साधी सोय.

गंधक चुनखडीच्या जमिनीत चालतं. एक टन गंधक साधारण साडेपाच टन जिप्समचं काम करतं. पण जिवाणूंनी त्याचं आम्ल बनवावं लागतं, त्याला ओल, ऊब आणि काही महिने हवेत. तुंबलेल्या रानात ते पडूनच राहतं.

१०. जिप्सम टाकून दोन वर्षं झाली, कवडीचा फरक नाही. माल खोटा होता का?

खोटा असू शकतो, पण सहसा कारण वेगळं असतं. जिप्सम सोडियमला कणावरून फक्त सोडवतं. सुटलेला सोडियम सल्फेट बनून तिथेच थांबतो. त्याला मुळांच्या खाली न्यायला वरून पाणी आणि खाली वाट, दोन्ही लागतं. वाट नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात सगळं परत वर. दुसरं कारण, तेच आरएससीचं पाणी उपायाशिवाय चालू ठेवलेलं असतं. तिसरं, जमीन चोपण नव्हतीच, नुसती खारवट होती. तिला जिप्सम नको होतं, धुणं हवं होतं.

११. मग मीठ धुवायला जास्तीचं पाणी किती द्यायचं?

मीठ येतं किती, ते आधी बघा. ईसी १ असलेल्या पाण्याची १० सेंटीमीटरची एक पाळी एकरात सुमारे २६० किलो मीठ आणून ठेवते. वर्षाला असं एक मीटर पाणी दिलं तर २.६ टन.

सूत्र साधं आहे: पाण्याची ईसी भागिले (मातीत चालेल अशी ईसी गुणिले ५, वजा पाण्याची ईसी). पाणी १.५ आणि मातीत ४ पर्यंत चालणार असेल तर ८ टक्के पाणी मुळांच्या खाली जायला हवं. ऊस बिनघाट्याचा हवा म्हणून १.७ धरलं तर २१ टक्के. पण निचरा नसताना हे करणं म्हणजे प्रश्न ८ चं दुखणं ओढवून घेणं.

काळ्या रानात आणखी एक अडचण. भेगा पडलेल्या रानात पाणी सोडलं की ते भेगांतून थेट खाली पळतं आणि ढेकळाच्या पोटातलं मीठ तसंच राहतं. म्हणून आधी उथळ कुळवणी करून भेगा मोडा, मग हलक्या पाळ्या थांबून थांबून द्या. एकदम रान भरून टाकण्यापेक्षा कमी पाण्यात जास्त मीठ निघतं.

१२. कॅनॉलचं आणि बोअरचं पाणी मिसळून द्यावं का?

ईसी सरासरीने उतरते: ०.४ चे दोन भाग आणि २.२ चा एक भाग मिळून १.० होते. तरी आमचा कल आलटून पालटून देण्याकडे आहे. उगवण आणि फुटवे फुटताना कॅनॉलचं, पीक मोठं झाल्यावर बोअरचं. कोवळ्या मुळांनाच मीठ सोसत नाही. एक अपवाद: बोअरचा एसएआर जास्त असेल तर त्यावर लगेच कॅनॉलचं पातळ पाणी दिलं की प्रश्न ७ मधल्या पावसासारखंच होतं. तिथे मिसळलेलं बरं, किंवा जिप्सम हाताशी असू द्या.

१३. ठिबक केलं तर खाऱ्या पाण्याचा त्रास संपतो का?

संपत नाही, जागा बदलतो. मीठ ओल्या गोलाच्या कडेला जमतं. पहिला हलका पाऊस ते मुळांकडे ढकलतो, म्हणून त्या वेळी ठिबक बंद करू नका, चालू ठेवा. जोराचा पाऊस झाला की मग बंद. बायकार्बोनेटचं पाणी असेल तर ड्रिपर चुन्याने बुजतात, आम्लप्रक्रिया ठरावीक काळाने करावीच लागते.

१४. कोणतं पीक किती सोसतं?

मातीची ईसी १.७ च्या पुढे गेली की उसाचं उत्पन्न दर एककामागे सुमारे ६ टक्के घटतं, म्हणजे ४ ला साधारण १४ टक्के. अशा रानात फुले २६५ इतर जातींपेक्षा तग धरतो. मका उसाच्याच रांगेत, कांदा आणि घेवडा त्याहून नाजूक. भुईमूग ३.२ पर्यंत, सोयाबीन ५, गहू ६, शाळू ७ च्या जवळ, कापूस ७.७ पर्यंत टिकतो. अथणीकडच्या द्राक्षाला १.५ ची मर्यादा धरा. निपाणीच्या तंबाखूत वजनापेक्षा पान कसं जळतं याला भाव असतो, आणि क्लोराइड जास्त झालं की पान नीट जळत नाही. तंबाखूला खारं पाणी टाळाच. फेरपालटात ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घ्या, चोपण रानातही उगवतो.

१५. खानापूरकडची लाल माती आहे, हेच नियम का?

आकडे तेच, धास्ती कमी. तिथल्या मातीत न फुगणारी चिकणमाती आणि लोहाचे ऑक्साइड जास्त असतात, कण सहज सुटत नाहीत. पाऊसही मुबलक, मीठ दरवर्षी धुऊन जातं.

चुंबकीय यंत्राबद्दलही सगळीकडून विचारतात, म्हणून इथेच सांगतो: पाइपवर बसवलेला चुंबक पाण्यातून सोडियम काढत नाही. विक्रेत्याला यंत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्याचा ईसी-एसएआरचा रिपोर्ट त्याच्या खर्चाने काढायला सांगा. बोलणं तिथेच थांबतं.

१६. जमिनीखालून पाइप घालून निचरा केला तर रान सुधारेल का? खालचा शेजारी पाणी काढायला वाट देत नाही.

शेजारच्या शिरोळ तालुक्यात सच्छिद्र पाइप घालून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली आहेत, जाऊन बघता येतील. पाइप साधारण मीटर-सव्वा मीटर खोल, भोवती गाळणीचं आवरण, पुढे बंद पाइप आणि शेवटी ओढा. दोन ओळींतलं अंतर मातीतून पाणी किती वेगाने सरकतं त्यावर ठरतं, शेजाऱ्याचं बघून नाही. जमीन खारवट आणि पाणथळ असेल तर गुण लवकर येतो. पक्की चोपण असेल तर पाणी पाइपपर्यंत पोचतच नाही, तिथे जिप्समही सोबत लागतं. बिनपाइपची मोल नाली स्वस्त पडते, पण चोपण मातीत ती ढासळते.

वाटेचं म्हणाल तर एकट्याने हे काम होत नाही. ओढ्यापासून वरपर्यंतचे सगळे गट नंबर नकाशावर मांडा आणि मुख्य नाली बांधाच्या कडेने बंद पाइपने न्या, म्हणजे खालच्याचं रान उघड्या चरीत जात नाही. त्याच्याही रानाचं पाणी त्याच पाइपला जोडून द्यायची तयारी दाखवा. सगळ्यात सखल त्याचं रान, म्हणजे पाणी सगळ्यात वर तिथेच असणार. प्रश्न ८ मधला पाइप आधी त्याच्या बांधावर उभा करा आणि माप त्यालाच घेऊ द्या.